तंबूला कुलूप कसं लावायचं? (मसाई मारा, पासपोर्ट आणि सासूबाईंच्या पाटल्या)

सुप्रभात_शाहूपुरी | ५ जुलै, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. सातारा, कराड, सांगली असे मिळून आम्ही अकरा जण ऑगस्टमध्ये केनियाला निघालोय. मुंबईहून नैरोबी, मग नैवाशाला दोन रात्री आणि मसाई मारात चार. मारातल्या चारही रात्री तंबूत. एजंटनं पाठवलेले फोटो झकास आहेत. पलंग, आरसा, गरम पाण्याचं न्हाणीघर, सगळं आहे. फक्त दार नाही. दाराच्या जागी चेन, बॅगेला असते तसली.

ती चेन बघून माझी झोप उडाली. दोन वर्षांपूर्वी आम्ही बामणोलीच्या बाजूला पाण्याकाठी तंबूत राहिलो होतो. शेकोटीपाशी जेवून परत आलो तर यांचं पाकीट आणि पॉवरबँक गायब, चेन मात्र जशीच्या तशी लावलेली. मालक म्हणाला, "थितं बोर्ड लावलाय बगा." बोर्ड होता खरा, आपापल्या सामानाची जबाबदारी आपली म्हणून. पाकिटात चार हजार रुपये आणि लायसन्स होतं. चार हजार विसरलो, लायसन्सचे हेलपाटे अजून आठवतात.

आता बरोबर असणार अकरा पासपोर्ट, थोडे डॉलर, दिरांचा कॅमेरा, त्याला भाड्यानं घेतलेली भलीमोठी लेन्स. आणि सासूबाई, वय अडुसष्ट. त्यांच्या अंगावर मंगळसूत्र, मोहनमाळ आणि चार तोळ्यांच्या पाटल्या. पाटल्या लग्नापासून उतरलेल्या नाहीत.

तंबूत तिजोरी असते का? पहाटे सफारीला जाताना सगळं सोबत न्यायचं की ठेवून जायचं? चेनला छोटं कुलूप लावलं तर चालतं का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

*

पेढेवाला_नाही_मी | ५ जुलै, रात्री १०:०३

मोहनमाळ सिंहाला दाखवायचीय का? (हलके घ्या.)

*

मिरजेचा_कॅमेरावेडा | ५ जुलै, रात्री ११:१७

मारात दोनदा जाऊन आलोय, एकूण नऊ रात्री. थोडं सविस्तर लिहितो.

तिथला तंबू म्हणजे आपल्या कास-बामणोलीचा डोम नव्हे. लाकडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर जाड कॅनव्हास ताणलेला असतो आणि मागच्या बाजूला पक्कं न्हाणीघर. बऱ्याच कॅम्पांना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर एकट्यानं तंबूबाहेर पडू देत नाहीत, हातात टॉर्च घेतलेला मसाई रखवालदार सोबत येतो. त्याला तिथं अस्कारी म्हणतात. तो असतो तो मुख्यतः जनावरांसाठी, पण त्यामुळं रात्री कोणी आगांतुक तंबूंमध्ये फिरायचा प्रश्नच येत नाही. रात्रीची चोरी मनातून काढून टाका.

जे काही होतं ते दिवसा, तुम्ही गाडीत असताना. आणि तेही बहुतेक वेळा माणूस करत नाही. तिथं व्हर्वेट नावाची काळ्या तोंडाची लहान माकडं आहेत. चेनचं बक्कल दोन बोटांत धरून सरकवतात, अगदी शाळेत जाणाऱ्या पोरासारखी. माझं नऊ रात्रींत एकदाच काहीतरी गेलं, ते म्हणजे लोणावळ्याच्या चिक्कीचं पाकीट. चेनची दोन्ही बक्कलं खाली जमिनीपाशी आणून गिर्यारोहणाच्या हुकानं एकमेकांत अडकवा. कुलूप नको. कॅनव्हास ब्लेडनं फाटतो, त्यामुळं माणसापुढं कुलूप कुचकामी. उलट आत काहीतरी आहे हे मात्र त्यावरून कळतं.

तिजोरी: दोनपैकी एका कॅम्पात होती. आधी हलवून बघा. माझी लाकडी कपाटात नुसती ठेवलेली होती, काखोटीला मारून नेता आली असती. ती मी वापरलीच नाही, पाकीट ऑफिसात देऊन पावती घेतली. तिजोरी पक्की असेल तर वापरा, पण दुसऱ्या दिवशी घालायचा एक मोजा त्यात ठेवा. पहाटे साडेपाचला अर्धवट झोपेत निघताना माणूस पासपोर्ट विसरतो, मोजा विसरत नाही.

कॅमेरा, लेन्स कायम सोबत. चार्जिंगला काही कॅम्पांत ठरावीक तासच वीज असते आणि सगळ्यांचे चार्जर एकाच टेबलावर लागतात. तिथं बॅटऱ्यांची अदलाबदल होते. चोरी नाही, गोंधळ. प्रत्येक बॅटरीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. भाड्याच्या लेन्सचा सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्या आणि मुंबई विमानतळावर निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना "ही तिकडून आणली का?" हा प्रश्न तिथंच मिटतो. दागिने नेणारच असाल तर त्यांचंही करा.

आणि भीती बाळगायचीच असेल तर ती नैरोबीत बाळगा. सिग्नलला गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर काढून फोनवर शूटिंग करू नका.

*

विट्याची_मूस | ६ जुलै, सकाळी ७:३०

ताई, मी विट्याचा, गलाईवाला, म्हंजे सोनं-चांदी इतळून शुद्ध करणारा. दुकान केरळात, घर हितं. आमच्या खानापूर तालुक्यात असलं घर दावा की ज्यातनं एक माणूस तरी गलाईला बाहेर गेला न्हाई. सोन्याचं चार शब्द आमच्याकडनं ऐका.

पासपोर्ट चोरीला गेला तर त्यो तुमचाच ऱ्हातो, त्याच्यावर नाव असतं. सोन्याला नाव नसतं. आता तुम्ही म्हणाल, हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर असतो की. असतो. २०२३ च्या १ एप्रिलपासनं त्याच्याबिगर दुकानदाराला दागिना इकता येत न्हाई. पण सोनं १०६४ अंशाला इतळतं. शेगडी तापलेली असंल तर एक च्या पिऊन हुईस्तोवर पाटलीचं पाणी हुतंय. मुशीत गेलं की कुठला नंबर आन् कुठली सासूबाईंची पाटली. आन् तुमच्या पाटल्या पन्नास वर्सामागच्या, त्यांच्यावर तर नंबरबी नसणार.

म्हून सांगतो, सोनं गेलं की गेलं. ते सांभाळायचं म्हंजे न्यायचंच न्हाई. निघायच्या आधी पाटल्या काट्यावर ठेवून वजनाचा आकडा दिसंल असा फोटो काढा आन् बँकेच्या लॉकरात टाका.

*

कृष्णाकाठी | ६ जुलै, सकाळी ९:११

लॉकरबद्दल एक. बँकेच्या चुकीनं किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीनं लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या भावानं चार तोळ्यांना ते पुरत नाहीत. तरीही तंबूपेक्षा लॉकर बरा.

पण घरी ठेवू नका. आठ-दहा दिवस कुलूपबंद घर ही मारातल्या तंबूपेक्षा कितीतरी मोठी जोखीम आहे. आणि विमानतळावरचा अकरा जणांचा फोटो स्टेटसला परत आल्यावर टाका. आमच्या गल्लीत एका कुटुंबानं कोकणात पोचायच्या आधीच फोटो टाकला होता. पुढचं सांगत नाही.

*

पेढेवाला_नाही_मी | ६ जुलै, सकाळी ९:४०

स्टेटसला फोटो टाकायचा नाही तर मग परदेशात जायचं कशाला?

*

सुप्रभात_शाहूपुरी | ६ जुलै, दुपारी २:२५

सगळ्यांचे आभार. विट्याच्या दादांचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. "मूस" शब्दापर्यंत शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मी काय ओकीबोकी जाऊ परदेशात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, आई, तिथले लोक तुम्हाला ओळखत नाहीत. तर म्हणे, "आपले दहा जण आहेत की बरोबर."

याच्यावर कोणाकडं उत्तर आहे का?

*

औंधची_आजी | ६ जुलै, दुपारी ४:०५

आहे. अगं, तिला सोडून दे म्हणू नकोस, बदल म्हणून सांग. मंगळसूत्राच्या वाट्या काढून देवघरात ठेवायच्या नि गळ्यात काळ्या मण्यांची पोत घालायची, मधे नुसतं पोवळं. गळा रिकामा राहत नाही आणि कुणी ओढली तरी मणी घरंगळतील, जीव नाही. पाटल्यांच्या जागी हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन्ही हातांत भरपूर. पाटल्या काढताना साबण चालत नसेल तर हाताला खोबरेल लाव, हात वर धरून ठेव आणि मग काढ. घाई केलीस तर मनगट सुजेल.

आणि परकराला आतून चोरखिसा शिवून घे. पासपोर्ट मावेल एवढा, वर बटणासह. त्या कमरेच्या नायलॉनच्या पिशव्या साडीत बोचतात आणि दहा वेळा चाचपून बघायची सवय लागते. चाचपलं की बघणाऱ्याला कळतं. मी काशीला, रामेश्वरला, एकदा दुबईला लेकाकडं, सगळीकडं चोरखिशावर गेले.

*

मिरजेचा_कॅमेरावेडा | ६ जुलै, सायंकाळी ६:५०

आजी, चोरखिशाला साष्टांग नमस्कार. पुरुषांसाठी काही?

*

औंधची_आजी | ६ जुलै, सायंकाळी ७:१५

पूर्वी बंडीला आतून खिसा असायचा. तुम्हीच सोडलीत बंडी.

*

कराडची_सिस्टर | ६ जुलै, रात्री १०:३०

सगळे पासपोर्ट आणि सोन्यातच अडकलेत. पिवळ्या कार्डाचं कोणीच बोलत नाही.

केनियातून परतताना भारतात यलो फीव्हरच्या लसीचं प्रमाणपत्र तपासतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि आता एकदा घेतली की जन्मभर चालते. ते पिवळं पुस्तक हरवलं तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. लोक पासपोर्टला जिवापाड जपतात आणि हे कार्ड बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, चपलांशेजारी कोंबतात. पासपोर्टच्या मुखपृष्ठातच ते घडी करून ठेवा.

सुप्रभात, तुमच्या सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत. त्या वयात ही लस द्यायची की नाही ते डॉक्टर तपासून ठरवतात. उद्याच विचारा, ऑगस्टपर्यंत थांबू नका.

*

सुप्रभात_शाहूपुरी | ६ जुलै, रात्री १०:४१

बापरे. एजंट "वो हो जाएगा" एवढंच म्हणाला होता. उद्याच फोन करते.

*

शिवसागर_किनारा | ७ जुलै, रात्री ११:५५

धागा वाचत होतो, लिहावं की नाही कळत नव्हतं. माझे स्वतःचे नऊ तंबू आहेत, कोयनेच्या फुगवट्याच्या काठी. सुप्रभात ताई राहिल्या तो कॅम्प माझा नव्हे, पण बोर्ड माझ्याकडंही आहे. तेव्हा दुसरी बाजूही ऐका.

मोसमात शनिवारी चाळीस माणसं असतात. दर आठवड्याला एक तरी "चोरी" होते. त्यातली निम्मी गादी आणि तंबूच्या कापडामधल्या फटीत सापडते. डोम तंबूत कडेला उतार असतो, तिथं फोन घरंगळतो. उरलेल्यांतला बराच ऐवज बोटीत, नाहीतर कासला गाडी लावली होती तिथं राहिलेला असतो. माकडं उचलतात ते वेगळं. पण आल्या आल्या पाहुण्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "तुमच्या पोरांना विचारा." माझी पोरं धरणाला जमिनी दिलेल्या घरांतली आहेत. त्यांचे आजे-पणजे उठून इथं वर आले. मागल्या दिवाळीत एका पोरावर घड्याळाचा आळ आला. खिसे उलटे करायला लावले. घड्याळ दुसऱ्या दिवशी पाहुण्याच्या गाडीत सीटखाली निघालं, त्यांनी मला फोन करून कळवलंसुद्धा. पोरगा परत कामाला आला नाही.

मी असं म्हणत नाही की चोरी होतच नाही. होते. आणि ती कधी होते ते सांगतो: शेकोटी पेटते, स्पीकर लागतो, सगळे एका जागी येतात, तेव्हा. तंबू अंधारात, पाठीमागं. बाहेरचा माणूस झाडीतून येतो. माझ्याकडं झाली तेव्हापासून मी तीन गोष्टी केल्या. तंबूंचं तोंड शेकोटीकडं फिरवलं. मागच्या बाजूला सोलरचे दिवे लावले. आणि स्वयंपाकघरात लोखंडी पेटी ठेवली, पाकिटावर नाव लिहून त्यात टाकायचं आणि वहीत सही. दहातले दोन पाहुणे वापरतात. बाकीचे म्हणतात, "राहू दे हो, कोण घेतंय!"

आणखी एक, काठाला रेंज नसते. फोन कुठं आहे ते शोधायचं ॲप इथं उपयोगाचं नाही. हरवला तर आयएमईआय नंबर लागतो. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून तो आजच कागदावर उतरवा, फोनमध्येच सेव्ह करून ठेवू नका. संचार साथीच्या संकेतस्थळावर तो टाकून फोन भारतभरात बंद करता येतो.

*

सुप्रभात_शाहूपुरी | ८ जुलै, सकाळी ८:२०

दादा, वाचून गप्प झाले. आम्हीही त्या रात्री "पोरांना विचारा" असंच म्हटलं होतं. पाकीट नंतर कधी सापडलं नाही, पण म्हटलं होतं हे खरं.

*

वकीलसाहेबा_सातारा | ८ जुलै, दुपारी १:१०

कोर्टाच्या सुट्टीत दोन मुद्दे लिहिते.

तंबूला दार नाही म्हणून तो कायद्यानं घर नाही असं कोणी समजू नये. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ (जुनं भादंवि ३८०) वाचा. राहण्यासाठी वापरलेली इमारत, तंबू किंवा नौका असे शब्दच त्यात आहेत. शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे फिर्याद देताना "उघड्यावरून गेलं" असं लिहू देऊ नका. आणि हद्दीचा वाद घालून परत पाठवत असतील तर शून्य क्रमांकानं कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो.

दुसरा मुद्दा बोर्डाचा. "जबाबदारी आमची नाही" असा बोर्ड लावला की मालक सुटला, असं नसतं. दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलात १९९८ साली पाहुण्यानं गाडी पार्किंगच्या माणसाकडं किल्लीसह दिली, ती चोरीला गेली. हॉटेलनं पावतीवरचं "मालकाच्या जोखमीवर" हे वाक्य दाखवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते मानलं नाही, कारण गाडी ताब्यात घेतली होती आणि निष्काळजीपणा हॉटेलचा होता. यातला कळीचा शब्द "ताब्यात". तुम्ही तंबूत ठेवलेलं पाकीट मालकाच्या ताब्यात नसतं, म्हणून तिथं बोर्डाला वजन येतं. लोखंडी पेटीत वहीवर सही करून दिलेलं असतं. शिवसागरदादा, तुमची वही चांगली आहे, पण तिनं जबाबदारी तुमच्यावर येते हे माहीत असू द्या.

केनियात अर्थात आपला कायदा चालत नाही. तिथं काही गेलं तर जवळच्या ठाण्यातून "पोलिस अ‍ॅबस्ट्रॅक्ट" नावाचा कागद घ्यायचा. विम्याला आणि नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाला तोच लागतो. पासपोर्ट गेला असेल तर उच्चायुक्तालय घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं. पासपोर्टची झेरॉक्स दुसऱ्याच्या बॅगेत असेल तर हे काम सोपं होतं.

*

शिवसागर_किनारा | ८ जुलै, दुपारी ३:०२

माहीत आहे मॅडम. म्हणूनच वही ठेवली.

*

हळदबाजार | ८ जुलै, रात्री ९:३०

सांगलीतून. विषय निघालाच आहे तर आमचं सांगतो. हे कुठं बोललो नव्हतो.

आमचा चौदा जणांचा जुना ग्रुप, दरवर्षी एक जंगल. तीन वर्षांपूर्वी ताडोबा, मोहर्लीच्या बाजूला तंबूत मुक्काम. सगळ्यांचा वरखर्च आणि जिप्सीवाले, गाईड यांचं बक्षीस मिळून अठरा हजारांचं एक पाकीट होतं आणि ते आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींकडं. माणूस इतका चोख की चहाच्या बिलातले दोन रुपयेसुद्धा वहीत लिहायचे. संध्याकाळच्या फेरीला दोघं सोडून सगळे गेलो. ताडोब्यात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून फोनही तंबूतच ठेवले होते. गुरुजींनी त्यांच्या तंबूची दोन्ही बक्कलं नाडीनं बांधली होती.

परत आलो तर पाकीट नाही. तेरा फोन जिथल्या तिथं, घड्याळं जिथल्या तिथं. कॅम्पचा मालक घाबरला, म्हणाला आत्ता पोलिसांना बोलावतो, सगळ्या पोरांची झडती घ्या. गुरुजींनी त्याला थांबवलं. म्हणाले, माझ्याच हातून कुठं पडलं असेल. रात्री त्यांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांची बक्षिसं दिली.

मला ते दुसऱ्या दिवशी गाडीत म्हणाले. नाडी सोडून परत बांधलेली होती. आणि गाठ दाव्याची होती, गोठ्यात बैलाला मारतात ती. कॅम्पची पोरं दुसरीच गाठ मारायची, त्यांनी तंबूच्या दोऱ्या बघून खात्री केली होती. एवढंच बोलले, नाव घेतलं नाही. मागं थांबलेल्या दोघांपैकी एकाची डेअरी आहे, दुसऱ्याच्या घरी चार जनावरं आहेत. माझ्या घरीही आहेत म्हणा.

तीन वर्षं झाली. ग्रुप अजून आहे, सकाळी फुलांचे फोटो येतात. जंगल कुठलंच झालं नाही.

सुप्रभात ताई, अकरा जणांचा सामायिक पैसा एका माणसाकडं ठेवू नका. प्रत्येकाचं बक्षिसाचं पाकीट प्रत्येकाकडं. त्यात दोन पैसे जास्त जातील. जाऊ द्या.

*

विट्याची_मूस | ८ जुलै, रात्री १०:१५

लई वंगाळ.

*

कृष्णाकाठी | ९ जुलै, सकाळी १०:००

हळदबाजार, यावर काही बोलवत नाही.

विषयाला धरून: सामायिक रोख लागतेच किती? मारा अभयारण्याची फी भरमसाट आहे, जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला दोनशे डॉलर, पण ती एजंट आधीच भरतो. पावतीची प्रत मागून घ्या म्हणजे झालं. उरलं बक्षीस आणि किरकोळ खरेदी. आपलं यूपीआय तिथं गृहीत धरू नका. तिथं सगळा देश एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर चालतो, २००७ पासून, पण त्याला तिथलं सिमकार्ड हवं. अकरा जणांत एकानं पासपोर्ट दाखवून घेतलं तरी पुरे. डॉलर नवे कोरे न्या, जुन्या छापाच्या किंवा शाईनं खुणा केलेल्या नोटा घ्यायला नाखूश असतात.

विम्याचं म्हणाल तर पॉलिसी उघडून वाचा. बहुतेकांत रोकड आणि दागिने धरलेलेच नसतात. बेवारस ठेवलेल्या सामानाचा क्लेम नाकारतात. भाड्याच्या लेन्सला तर मुळीच आधार नाही, दिरांना तेवढं सांगा.

*

मिरजेचा_कॅमेरावेडा | ९ जुलै, सकाळी ११:२०

राहिलेलं एक. सगळं कॅरीबॅगांत गुंडाळून नेऊ नका. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि अभयारण्यांत एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिक २०२० पासून बंद. भडंग कापडी पिशवीत बांधा. नैरोबीहून लहान विमानानं माराला जाणार असाल तर माणशी पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग घेत नाहीत. म्हणजे नंबरी कुलूप लावलेली बॅग मागं नैरोबीत राहते. तिच्यात काय ठेवायचं हा वेगळाच प्रश्न.

*

सुप्रभात_शाहूपुरी | ९ जुलै, रात्री ९:०५

आम्ही रस्त्यानं जातोय, त्यामुळं बॅगेचं टेन्शन नाही.

डॉक्टरांनी तपासून सासूबाईंना लस चालेल म्हणून सांगितलं. चोरखिसे शिवायला टाकलेत, अकराच्या अकरा. पुरुषांच्या पँटींनाही. पाटल्यांच्या वाटाघाटी चालू आहेत.

*

सुप्रभात_शाहूपुरी | २३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

काल पहाटे परतलो. हिशोब देते.

पाटल्या निघाल्या. जायच्या आदल्या आठवड्यात, खोबरेल तेलानं, अर्धा तास लागला. मनगटावर पन्नास वर्षांचा पांढरा पट्टा उमटला होता, त्याच्याकडंच त्या बराच वेळ बघत बसल्या. मग हिरवा चुडा भरला. वाट्या, पाटल्या, मोहनमाळ लॉकरात. वजनाचा फोटो काढलाय.

मारात काही गेलं नाही. अस्कारीशी सासूबाईंची इतकी गट्टी जमली की चौथ्या रात्री तो त्यांच्याकडून "चला" म्हणायला शिकला. फाटकापाशी मण्यांच्या माळा विकणाऱ्या मसाई बायका गाडीला चहूबाजूंनी वेढतात, तेव्हा मीच सीटवरचा फोन उचलून खिशात टाकला. त्या बिचाऱ्या फक्त माळा दाखवत होत्या. सासूबाईंनी एक घेतली आणि काळ्या पोतीबरोबर घातली, ती अजून गळ्यात आहे.

गेलं ते नैवाशात. तिथं तंबूही नव्हता, पक्की खोली, पक्कं दार. आम्ही सगळे निर्धास्त. खिडकी चार बोटं उघडी राहिली. एक व्हर्वेट आत आलं आणि टेबलावरचा सासूबाईंचा औषधांचा डबा घेऊन गेलं, सोमवार ते रविवार कप्पे असलेला, लालभडक. बीपीच्या, थायरॉईडच्या गोळ्या सगळ्या त्यात. तळ्याकाठी पिवळ्या बुंध्याची उंच बाभळीची झाडं आहेत, त्यांना तिथं यलो फीव्हर ट्री म्हणतात (सिस्टर, तुमची आठवण झाली). त्याच्या शेंड्यावर बसून त्यानं सोमवार उघडला, मंगळवार उघडला, चव घेतली, थुंकलं. माळ्यानं केळं दाखवून डबा खाली पाडला. त्यात शुक्रवार आणि शनिवार उरले होते.

या अख्ख्या धाग्यात औषधांचं कोणीच बोललं नव्हतं, बरं का! आम्ही पांढरेफटक पडलो. पुढचे चार दिवस माराच्या माळावर, दवाखाना कुठं शोधायचा? तेवढ्यात सासूबाई न्हाणीघरात गेल्या आणि हातात पाकिटं घेऊन आल्या. सगळ्या गोळ्यांची दुसरी पाकिटं चोरखिशात होती, पासपोर्टच्या मागं. म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात ना, जे गेल्यावर अडेल ते तिथं ठेवा."

*

औंधची_आजी | २३ ऑगस्ट, दुपारी १२:१०

शहाणी बाई. माझा नमस्कार सांग त्यांना.

*

विट्याची_मूस | २३ ऑगस्ट, दुपारी १२:४५

ब्येस झालं. लॉकरातनं आणल्यावर पाटल्या पयल्यांदा काट्यावर ठेवा ताई, फोटूतल्या आकड्याशी ताडा, मगच घाला.

*

सुप्रभात_शाहूपुरी | २३ ऑगस्ट, दुपारी १:०२

दादा, तोच तर घोळ झालाय. काल विमानतळावरून येताना सासूबाई वाईपासूनच "आधी बँकेत चल" म्हणून मागं लागल्या होत्या. बँकेच्या दारात पोचलो तेव्हा लक्षात आलं, चौथा शनिवार. आज रविवार. कालपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत.